अंगणात तयार लॉन अंथरताना

तयार लॉनचे तुकडे अंथरायला अर्धा दिवस पुरतो, पण त्याखालची जमीन नीट करायला महिना द्यावा लागतो. लॉन बिघडते ती बहुतेक वेळा या महिन्यात घाई केल्यामुळे.

पुण्या-नाशिककडच्या हवेत जूनचे पहिले पाऊस पडून गेल्यावर किंवा फेब्रुवारीत अंथरणे सोयीचे. भर उन्हाळ्यात पाणी पुरवता पुरत नाही आणि कडक थंडीत मुळे उशिरा धरतात. रोज पाच-सहा तास ऊन येत असेल तर 'सिलेक्शन नंबर वन' जातीचे गवत घ्या, थोडी सावली असेल तर रुंद पानांचे कार्पेट ग्रास. दाट आंब्याखाली कुठलेच गवत टिकणार नाही, तिथे लॉनचा नाद सोडलेला बरा.

जमीन नऊ इंच खणून बांधकामाचा राडारोडा वेचून काढा. नुसत्या काळ्या मातीवर लॉन लावू नका; ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात चिकट होते. दोन भाग लाल माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग शेणखत असे मिश्रण चार इंच पसरा. 500 चौरस फुटांना हिशेबाने पावणेदोन ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) भरते, पण दबते म्हणून दोन ब्रास मागवा. त्यात पाच किलो निंबोळी पेंड आणि सव्वादोन किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळा. शेणखत पूर्ण कुजलेलेच हवे. कच्च्या खताबरोबर हुमणी ही मातीतली अळी येते, मुळे कुरतडते, आणि मग हिरवा पट्टा हाताने ओढला तरी उचलून येतो.

उतार घरापासून बाहेर, दर दहा फुटांना दीड-दोन इंच. फरशीच्या कडेला माती इंचभर खाली ठेवा, म्हणजे तुकडा फरशीच्या पातळीत बसतो.

आता लव्हाळा, म्हणजे जमिनीत गाठी धरणारे तण. बाहेरून आणलेल्या लाल मातीतून तो हमखास येतो. माती पसरून झाली की दोन-तीन आठवडे नुसते पाणी मारा. हिरवे कोंब वर आले की खुरपे खोल घाला आणि काळ्या गाठीसकट उपटा. एका गाठीला दोऱ्यासारख्या जमिनीखालच्या खोडाने दुसरी जोडलेली असते. दोरा तुटला तर पुन्हा खणा. वरून नुसते पान तोडले तर खालची गाठ पुन्हा फुटते. एकदा लॉन अंथरली की हे काम दहापट अवघड होते, म्हणून इथे कंटाळा करू नका.

तुकडे आले त्याच दिवशी अंथरा. गुंडाळून ठेवले की आत उष्णता धरते आणि पाने पिवळी पडतात. माती आधी ओलसर करा, सरळ कडेपासून सुरुवात करा, विटांसारखे सांधे मोडत न्या. तुकडे एकमेकांना घट्ट भिडवा, पण एकावर एक चढवू नका. बसताना फळीवर बसा, म्हणजे मातीत खड्डे पडत नाहीत. शेवटी हलका रोलर फिरवा. खाली पोकळी राहिली तर तेवढाच भाग वाळतो.

लगेच पाणी द्या आणि एक कोपरा उचलून बघा: खालची माती तीन-चार इंच भिजलेली हवी. पुढचे दोन आठवडे पाऊस नसेल तेव्हा रोज सकाळी 500 चौरस फुटांना 200 ते 250 लिटर. कडा आधी सुकतात, तिथे पाइप जास्त वेळ धरा. सांधे उघडले तर चाळलेली माती आणि वाळू भरा. कोपरा ओढून उचलला गेला नाही की मुळे धरली; मग पाणी एक दिवसाआड, पण भरपूर द्या.

गवत अडीच इंच झाले की पहिली कापणी करा, तीही एक-तृतीयांशापेक्षा जास्त नको. मशीनचे पाते धारदार हवे, नाहीतर टोके फाटून पांढरी दिसतात. महिन्यानंतर 500 चौरस फुटांना अर्धा किलो युरिया कोरड्या पानांवर सारखा फेकून लगेच पाणी द्या. पाण्याला उशीर झाला तर पाने जळून ठिपके पडतात.