अर्ली कॉलेजचा अर्ज भरताना: नॉर्थ कॅरोलायनातल्या मराठी घरांसाठी

तुमच्या ओळखीत आठवीतलं एखादं मूल असेल आणि त्याच्या घरात अजून कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नसेल, तर या हिवाळ्यात त्याला अर्ली कॉलेजचा अर्ज भरायला लावा. मी इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) गणितात अडलेल्या मुलांना शिकवते. त्यातली बरीच मुलं अजून हायस्कुलात असतात, आणि अर्जापासून पदवीपर्यंत ती कुठे अडतात हे मला रोज दिसतं.

आपल्याकडे अकरावी-बारावी कॉलेजच्या आवारात भरते, तसंच काहीसं हे. फक्त इथे नववीपासूनच हायस्कूल कॉलेजच्या आवारात असतं आणि मुलं हळूहळू कॉलेजच्या खऱ्या वर्गात जाऊन बसू लागतात. चार-पाच वर्षांत हायस्कूलचा डिप्लोमा आणि सोबत असोसिएट पदवी (कॉलेजची दोन वर्षांची पदवी) किंवा दोन वर्षांपर्यंतची क्रेडिट्स, म्हणजे पास झालेल्या कोर्सचे पदवीसाठी धरले जाणारे गुणांक, मिळतात. कॉलेजची फी भरावी लागत नाही. 1974 साली न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये, लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजात, जॅनेट लीबरमन यांनी शाळा सुटण्याच्या बेतात असलेल्या मुलांसाठी असं हायस्कूल काढलं. कॉलेजात रोज वावरलं की आपणही इथलेच, हे मुलांच्या अंगवळणी पडतं, असा त्यामागचा विचार होता.

नॉर्थ कॅरोलायनाने 2003 मध्ये यासाठी कायदा केला आणि आज राज्यात अशा शंभराहून जास्त शाळा आहेत. कुणासाठी, तेही कायद्यात लिहिलंय: शाळा सुटण्याचा धोका असलेली मुलं, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणारी मुलं आणि वेगाने शिकू शकणारी मुलं. तिसऱ्या गटामुळे काही शाळा हुशार मुलांच्या स्पर्धेच्या झाल्या आहेत, म्हणून अर्जाआधी त्या शाळेत कुणाला प्राधान्य मिळतं ते नीट वाचा. एका इयत्तेत जेमतेम शंभर जागा असतात. आई-वडील दोघंही इंजिनिअर असलेल्या घरांना माझं कळकळीचं सांगणं आहे: तुमचं मूल कॉलेजात जाणारच आहे. दोन वर्षांची फी वाचते एवढ्याचसाठी ही जागा घेऊ नका.

अर्ज जागांपेक्षा जास्त आले की अनेक शाळा सोडत काढतात. त्यामुळे संशोधकांना सोडतीत नाव लागलेली आणि न लागलेली, एरवी सारखीच असलेली मुलं तुलनेला मिळाली. नाव लागलेल्यांत कॉलेजात जाणाऱ्यांचं आणि पदवी घेणाऱ्यांचं प्रमाण जास्त निघालं.

कागदपत्रं फारशी नसतात. खरा वेळ जातो निबंधात. सोलापूरकडच्या एका कुटुंबातली मुलगी माझ्याकडे आली होती; वडील इथल्या हॉटेलात आचारी. तिने लिहिलं होतं, ‘मी मेहनती आहे, मला शिकायला आवडतं.’ मी विचारलं, शाळेतून घरी गेल्यावर काय करतेस? तर म्हणाली, ‘मावशी, आईला दवाखान्यात न्यायचं असलं की मीच सोबत जाते. डॉक्टरांचं मराठीत सांगते. एकदा गोळीचा डोस चुकीचा लिहिलेला मीच पकडला.’ आई शेजारीच होती. ‘अहो ताई, हे काय लिहायचं असतं?’ म्हणाली. हेच लिहायचं असतं. निबंध त्या गोळीपासून सुरू झाला. तुम्हीही मुलाला आधी बोलतं करा, तो बोलेल ते टिपून घ्या आणि मग त्यालाच लिहू द्या. तुम्ही लिहून देऊ नका. मुलाखतीत ते लगेच उघडं पडतं.

प्रवेश मिळाल्यावर सगळ्यात महत्त्वाचं काम विषय निवडण्याचं, आणि तिथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. दोन वर्षांची साठ क्रेडिट्स जमवणं सोपं आहे, पण त्यातली किती उपयोगी पडतील हे आधी बघावं लागतं. नववीच्या शेवटी एक कागद घ्या. मुलाला पुढे कुठे, काय शिकायचंय ते वर लिहा, मग त्या विद्यापीठाच्या त्या पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचे विषय उतरवून काढा आणि प्रत्येकापुढे कम्युनिटी कॉलेजचा कोणता कोर्स चालतो ते काउन्सेलरसमोर बसून भरा. ईएनजी 111, म्हणजे इंग्रजी लेखनाचा पहिला कोर्स, बहुतेक सगळ्यांनाच लागतो. गणितात मात्र फरक पडतो: इंजिनिअरिंगला जायचं असेल तर एमएटी 171 (कॅल्क्युलसआधीचं बीजगणित) पासून चढत कॅल्क्युलसपर्यंत पोचावं लागतं, इतिहास शिकणाऱ्याला ती गरज नाही. राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांचा यूएनसीच्या, म्हणजे राज्याच्या सरकारी, विद्यापीठांशी क्रेडिटबाबत करार आहे. त्याचा पूर्ण फायदा असोसिएट इन आर्ट्स किंवा असोसिएट इन सायन्स पदवी पुरी केल्यावर आणि प्रत्येक विषयात निदान ‘सी’ असल्यावरच मिळतो. राज्याबाहेर किंवा खासगी विद्यापीठात काय चालेल, ते त्या विद्यापीठालाच विचारायचं.

कॉलेजचे मार्क कायमचे नोंदले जातात. पंधराव्या वर्षी मिळालेला ‘एफ’ (नापास) पुढे सरकारी आर्थिक मदतीच्या हिशेबातही येतो. म्हणून पहिल्या सत्रात एखाददुसराच कोर्स घ्या. सिलॅबस मिळाला त्याच दिवशी सगळ्या तारखा वहीत उतरवा. प्राध्यापक आठवण करून देत बसत नाहीत. आणि पालकांनी प्राध्यापकांना फोन करू नये. कॉलेजच्या नोंदींवरचा हक्क कायद्याने विद्यार्थ्याचा असतो, मग तो अठराचा नसला तरी. ईमेल मुलानेच लिहायची, शंका विचारायला ऑफिस अवर्सला, म्हणजे प्राध्यापकांच्या भेटीच्या ठरलेल्या वेळेला, त्यानेच जायचं. पहिल्यांदा दाराशी सोबत म्हणून जावं लागलं तर जा, आत त्याला एकटं पाठवा.

बहुतेक अर्ली कॉलेजांचे स्वतःचे खेळाचे संघ नसतात, मित्र दुसऱ्या शाळेत जातात आणि बस घराजवळ येईलच असं नाही. हे मुलाला अर्ज भरण्याआधी सांगा. नको म्हणाला तर ऐका.

शेवटच्या वर्षी विद्यापीठाचा अर्ज फर्स्ट-इयर म्हणून भरायचा, ट्रान्सफर (दुसऱ्या कॉलेजातून आलेला) म्हणून नाही. हायस्कूल पुरं करून थेट विद्यापीठात जाणारं मूल यूएनसीच्या विद्यापीठांत क्रेडिट्स कितीही असली तरी नवंच धरलं जातं, आणि नव्यांसाठीच्या शिष्यवृत्त्या त्याला खुल्या राहतात. ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या विषयांच्या मार्कांची अधिकृत नोंद) दोन लागतात, हायस्कूलची वेगळी आणि कॉलेजची वेगळी. कॉलेजची स्वतः मागवावी लागते. शेवटच्या सत्राचे मार्क लागले की ती पुन्हा पाठवायची.