नुसत्या बीएसएच्या वेलमध्ये पेशी चिकटत असतील तर

फायब्रोनेक्टिनवर (पेशी ज्याला धरून बसतात असं प्रथिन) पेशी किती चिकटल्या हे मोजताना मी आधी फायब्रोनेक्टिन नसलेल्या वेल (प्लेटमधले छोटे खळगे) बघते. तिथे नुसतं बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, पेशी सहसा धरत नाहीत असं प्रथिन) असतं, त्यामुळे पेशी जवळजवळ नसायलाच हव्यात. टाकलेल्या पेशींपैकी ५ टक्क्यांहून जास्त तिथे उरल्या, तर त्या दिवसाचे आकडे मी वापरत नाही. वजाबाकी करून भागत नाही, कारण पेशींनी नेमकं कशाला धरलंय हेच मग सांगता येत नाही.

प्लेटपासून सुरुवात करा. टिश्यू कल्चरच्या प्लेटचा पृष्ठभाग पेशींनी धरावा म्हणूनच प्रक्रिया केलेला असतो. इथे साधी, प्रक्रिया न केलेली पॉलिस्टायरीनची ९६ वेलची प्लेट घ्या. मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम फायब्रोनेक्टिन, ३७ अंशांवर तासभर. कोटिंग सुकू देऊ नका.

खरी मेहनत ब्लॉकिंगवर, म्हणजे प्लॅस्टिकच्या उरलेल्या मोकळ्या जागा बुजवण्यावर घ्या. पीबीएसमध्ये (फॉस्फेट असलेलं खारं बफर द्रावण) १ टक्का बीएसए विरघळवून गाळा, ८५ अंशांवर १० ते १२ मिनिटं तापवा आणि थंड करा. तापल्यावर प्रथिनाची घडी उलगडते आणि ते प्लॅस्टिकवर पसरून बसतं. न तापवलेलं बीएसए मोकळ्या जागा सोडतं. द्रावणावर हलकीशी धूसर झाक आली की पुरे. दुधासारखं पांढरं झालं तर टाकून द्या. मी ते दरवेळी ताजं करते आणि कोटिंग असलेल्या-नसलेल्या सगळ्या वेलमध्ये एकाच वेळी, किमान अर्धा तास ठेवते.

सीरमबद्दल (पेशी वाढवायच्या माध्यमात घालतात तो रक्तातला द्रव) मी फार काटेकोर आहे. त्यात फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन ही पेशींना धरणारी दोन्ही प्रथिनं असतात, म्हणजे थोडं जरी राहिलं तरी तुमच्या कोऱ्या वेलवरही आयतं कोटिंग चढतं. म्हणून ट्रिप्सिन (वाढवलेल्या पेशी सुट्या करायला वापरतात ते एन्झाइम) थांबवायला सीरम न वापरता सोयाबीन ट्रिप्सिन इनहिबिटर घ्या, पेशी सीरमरहित माध्यमात दोनदा धुवा आणि १५-२० मिनिटं ३७ अंशांवर तशाच तरंगत्या ठेवा, म्हणजे त्या सावरतील. मेलेल्या पेशींचा डीएनए चिकट असतो. गुठळ्या दिसल्या तर ४० मायक्रॉनच्या गाळणीतून काढा.

प्लेटवर २० ते ३० मिनिटं पुरतात. जास्त ठेवलं की पेशी स्वतःच फायब्रोनेक्टिन स्रवू लागतात आणि बीएसएवरही पाय रोवतात. धुताना कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेलं पीबीएस वापरा, नाहीतर खऱ्या चिकटलेल्या पेशीही सुटतील. पिपेटचं टोक वेलच्या भिंतीला टेकवून हळू सोडा. मल्टिचॅनल असेल तर सगळ्या ओळींना सारखाच जोर लागतो.

सोबत दोन तपासण्या ठेवाच. काही वेलमध्ये ५ मिलिमोलर ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे आयन बांधून ठेवणारं रसायन) घाला: इंटिग्रिनला (पेशीच्या पृष्ठभागावरचं, फायब्रोनेक्टिनला धरणारं प्रथिन) असे द्विसंयुजी आयन लागतात, म्हणून इंटिग्रिनमुळे झालेलं चिकटणं इथे थांबायला हवं. दुसरीत आरजीडी पेप्टाइड (फायब्रोनेक्टिनमधल्या ज्या तुकड्याला इंटिग्रिन धरतं त्याची नक्कल; ते चिकटणं अडवतं) आणि त्याच्या शेजारी तुलनेसाठी निष्क्रिय आरजीई. ईडीटीए घालूनही पेशी तशाच राहिल्या, तर त्या फायब्रोनेक्टिनवर नव्हे, प्लॅस्टिकवर बसल्यात असं समजा आणि ब्लॉकिंगकडे परत जा.

क्रिस्टल व्हायोलेटने (पेशींना चढणारा जांभळा रंग) मोजत असाल तर पेशी न टाकलेल्या, पण बाकी सगळं केलेल्या वेलही रंगवा. रंग प्रथिनाला आणि प्लॅस्टिकलाही धरतो, आणि ते रीडिंग पेशींच्या खात्यात जमा होतं. तेवढं वजा करायला हरकत नाही.