मॉमीचं मॉडेल लावण्याआधी

ईरी सरोवरात मॉमी आणि इतर नद्यांमधून किती फॉस्फरस येतो (त्यावरच तिथलं शेवाळ माजतं), याचं मॉडेल मागच्या वेळी मी केलं आणि भर बैठकीत तोंडावर पडलो. यंदा तेच काम पुन्हा गळ्यात आलंय, शिवाय हाताखाली एक नवा मुलगा आहे. त्याच्यासाठी, आणि खरं तर माझ्यासाठीच, लिहून ठेवतोय.

सॉफ्टवेअर, लॉगिन, बॅकअप हे सांगत बसत नाही. तेवढं कळतं सगळ्यांना.

पहिलं काम: फॉस्फरसची प्रत्येक फाईल उघडून आकडा कशाचा आहे ते बघा. नुसत्या फॉस्फरसचा, की अख्ख्या फॉस्फेटचा? लिहिलेलं दोन्हीकडे ‘मिलिग्रॅम प्रति लिटर’ असंच असतं. फॉस्फेट म्हणून मोजलं की ऑक्सिजनचं वजनही आत धरलं जातं आणि तोच नमुना ३.०७ पट मोठा दिसतो. सरोवर अमेरिका आणि कॅनडा दोघांचं, म्हणजे फाईली दहा ठिकाणच्या आणि लिहायच्या रीतीही दहा. माझ्या एका फाईलीत कॉलमच्या डोक्यावर फक्त ‘फॉस्फेट’ होतं. खुलासा वेगळ्याच कागदात, तळटीपेत. तो कागद मी उघडलाच नाही. एका उपनदीचा विरघळलेला फॉस्फरस तिप्पट आला. मला वाटलं, शेतात वर्षानुवर्षं मुरलेलं खत आता सुटतंय. त्यावर तीन स्लाइड केल्या, बाणबिण काढून. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, “विरघळलेला फॉस्फरस एकूण फॉस्फरसपेक्षा जास्त कसा?” एकूणचा आलेख चौथ्या स्लाइडवर होता, विरघळलेल्याचा नवव्या. दोन्ही शेजारी ठेवून मी एकदाही बघितले नव्हते.

तेव्हा कॉलमचं नाव वाचून पुढे पळू नका. नायट्रेटचीही हीच गत, तिथे गुणक ४.४३.

आता पाणी. मॉमीसाठी वॉटरव्हिलचं गेज, म्हणजे प्रवाह मोजायचं ठाणं, धरा. तिथे हायडलबर्ग विद्यापीठाची माणसं १९७५ पासून नमुने घेतायत, रोजच्या रोज, आणि पुरात दिवसाला एकाहून जास्त. असलं नशीब दुसऱ्या नद्यांच्या वाट्याला क्वचितच येतं. प्रवाह मिळतो घनफूट प्रति सेकंदात. घनफूट गुणिले लिटरमागचे मिलिग्रॅम गुणिले २.४४७, की दिवसाचे किलो आले. एखाद्या पुराच्या दिवसाचा हिशोब कागदावर हाताने करून बघा. आणि हो, मिलिग्रॅम कशाचे?

छोट्या नद्यांचा नमुना महिन्यातून एकदा. वर्षाचा बहुतेक फॉस्फरस मोजक्या पुरांच्या दिवसांत वाहून जातो, आणि नमुना घेणारा माणूस नेमका कोरड्या मंगळवारी गेलेला असतो. त्या बारा आकड्यांची सरासरी काढून वर्षाच्या पाण्याने गुणाल तर उत्तर बिनकामाचं. प्रवाह आणि ऋतू यांच्याशी नातं बसवूनच मधले दिवस भरा.

डेट्रॉइट नदीला बघून दबकू नका. सरोवरात येणारं सुमारे ८० टक्के पाणी तिचं, पण पश्चिम भागातलं शेवाळ मॉमीच्या खतावर माजतं. मॉमीचं पाणी कमी पण दाट, आणि पश्चिम भाग सरासरी ७.४ मीटर खोल, म्हणजे परातच. २ ऑगस्ट २०१४ ला टोलेडोत चार लाखांहून जास्त लोकांना नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगितलं, ते याच शेवाळाच्या विषामुळे. आईचा सोलापूरहून फोन: “उकळून पी रे.” उजनीच्या पाण्यावर आयुष्य काढलेली बाई, ती दुसरं काय सांगणार! पण हे विष उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की दाट होतं.

हंगाम मार्च ते जुलै, कारण दोन्ही देशांनी ठरवलेलं लक्ष्य त्याच महिन्यांचं आहे: मॉमीतून २००८ च्या मानाने ४० टक्के कपात, म्हणजे एकूण फॉस्फरस ८६० टन आणि विरघळलेला १८६ टन. वर्षभराचा आकडा याच्याशी ताडून आनंद किंवा दुःख करू नका. आणि हे १८६ टन फॉस्फरसचे आहेत, फॉस्फेटचे नव्हेत. परत सांगतोय. अजून एकदा सांगेन.

मॉमीच्या खोऱ्यातली जमीन सपाट, पूर्वी तिथे ग्रेट ब्लॅक स्वॉम्प नावाची दलदल होती. उंचीचा नकाशा नुसता दिला तर मॉडेल ओढे वाट्टेल तिकडे नेतं. खरे चर त्यात कोरून द्या. शेतांखाली निचऱ्याच्या नळ्या आहेत. सांगली-कोल्हापूरकडे क्षारपड रानात सच्छिद्र पाईप घालतात तसंच, फक्त इथे ते मैलोन्‌मैल. विरघळलेला फॉस्फरस त्यातूनही थेट चरात जातो. स्वॅटमध्ये, म्हणजे आपण मॉडेलसाठी वापरतो त्या प्रोग्रॅममध्ये, या नळ्या आपण होऊन सुरू होत नाहीत. खोली आणि अंतर भरा, नाहीतर सगळं पाणी वरून वाहतं, माती जास्त जाते आणि तुम्ही नको ते गुणांक पिरगाळत बसता.

खत: विकलं त्या काउंटीतच (म्हणजे तिथल्या जिल्ह्यातच) ते पडलं असं नाही. शेणखत वेगळं धरा. सांडपाणी प्रकल्पांचे आकडे महिन्याचे मिळतात, ते पुरेत.

मॉडेलच्या आकड्यांची मोजलेल्या आकड्यांशी जुळवणी आधी प्रवाहाची, मग गाळाची, मग फॉस्फरसची. काही वर्षं तपासणीला बाजूला ठेवा, त्यात २०१९ हवंच. त्या वसंतात शेतं इतकी ओली होती की बऱ्याच पेरण्या झाल्या नाहीत, नवं खत पडलं नाही, आणि पाण्याच्या मानाने विरघळलेला फॉस्फरस कमी आला. ते वर्ष जमलं तर मॉडेलला खताचं काही कळतं म्हणायचं.

अनिश्चिततेचा पट्टा काढा, म्हणजे उत्तर किती इकडेतिकडे असू शकतं ते दाखवा. अहवाल, नकाशे, रंग नंतर.

एककाचा कॉलम मी फाईलींच्या यादीत लाल करून ठेवलाय. विरघळलेला आणि एकूण दोन्ही आलेख एकाच पानावर, एकाच मापात छापायचे. कॉलम रिकामा दिसला तर फाईल आली तशी परत, मग पाठवणारा कोणी का असेना.