स्ट्रोकनंतर हाताला करंट देताय? या चुका टाळा

हातावर पॅड लावलेत, स्नायूंना हलका करंट देऊन हलवणारं मशीन सुरू आहे, दर अर्ध्या मिनिटानं मनगट उचललं जातंय आणि परत खाली येतंय. रुग्ण मात्र टीव्हीवर मॅच बघतोय. अर्ध्या तासानं मशीन बंद, पॅड पाकिटात. दीड महिन्यानं घरचे विचारतात, "करंट तर रोज देतो, मग हात का उघडत नाही?" फिजिओथेरपीच्या कामात हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय, की आता उत्तराआधी मीच विचारते: करंट येतो तेव्हा रुग्ण काय करत असतो?

स्ट्रोकमध्ये इजा होते मेंदूला. मज्जारज्जूतून हातापर्यंत येणारी नस आणि हाताचे स्नायू शाबूत असतात, म्हणून तर बाहेरून करंट दिला की मनगट उठतं. (नसच तुटली असेल तर हे मशीन फारसं कामाचं नाही.) पण मनगट नुसतं उठलं म्हणून मेंदू काही शिकत नाही. 'उघड' हा हुकूम मेंदूतून निघाला आणि त्याच वेळी हात खरंच उघडला, अशी गाठ पुन्हा पुन्हा पडावी लागते. म्हणून करंट चढायला लागला की रुग्णानं स्वतःही जोर लावायचा, हात हलो वा न हलो. समोर एक रिकामा प्लास्टिकचा पेला ठेवा. करंट आला की बोटं उघडून पेल्याभोवती न्यायची, करंट उतरला की पेला धरायचा, पुढच्या करंटला सोडायचा. रुग्णाच्या चांगल्या हातात बटण देणारं किंवा स्नायूतला बारीकसा प्रयत्न ओळखून मगच करंट सोडणारं मशीन मिळालं तर उत्तम. नसेल तर शेजारी बसून "आता उघडा" म्हणणारं माणूस हवं. कंटाळवाणं काम आहे, पण टीव्ही बंद करावाच लागतो.

मूठ वळवण्याची घाई

"मूठ आवळता येत नाही" म्हणून हाताच्या आतल्या बाजूला पॅड लावणारे बरेच भेटतात. बहुतेकांची बोटं आधीच आत वळून बसलेली असतात. अडतं ते सोडताना. म्हणून सुरुवात मागच्या बाजूनं करा. कोपराखालचा हात टेबलावर, तळहात खाली, मनगट टेबलाच्या कडेबाहेर मोकळं. एक पॅड कोपराच्या बाहेरच्या हाडाखाली दोन-तीन बोटं सोडून, दुसरा कोपर आणि मनगट यांच्या साधारण मधोमध.

आता मनगट काय करतंय ते बघा. ते अंगठ्याच्या बाजूला तिरकं उठत असेल तर पॅड करंगळीच्या बाजूला सेंटिमीटरभर सरकवा. नुसत्या मुंग्या येतायत, हालचाल नाही? पॅड फार जवळजवळ असतील, तर करंट वरच्यावरच राहतो. थोडे लांब लावा. बोटं उघडायच्या ऐवजी आणखी आवळली जातायत? एक तर करंट आतल्या बाजूच्या स्नायूंत झिरपतोय, नाहीतर तो इतका झटक्यात चढतोय की आखडलेले स्नायू उलट ताठरतात. चढायचा वेळ दोन-तीन सेकंद करून बघा. आणि पॅड हलवण्याआधी करंट शून्यावर आणायला विसरू नका, नाहीतर चांगलाच झटका बसतो.

खांदा खाली ओघळला असेल तर पॅड वेगळ्या जागी लागतात: एक खांद्याच्या फऱ्याच्या वरच्या खोबणीत, एक खांद्याच्या मागच्या गोलाईवर. इथली हमखास चूक म्हणजे अख्खा खांदा कानाकडे उचलला जाणं. तेव्हा मानेकडचा वरचा मोठा स्नायू ओढतोय असं समजा आणि वरचा पॅड जरा बाहेर सरकवा. खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली जी खाच बोटाला लागते, ती करंट आल्यावर बुजली पाहिजे. जागा बरोबर असल्याची माझ्या मते हीच खरी खूण.

दहा मिनिटांत हात ढिला पडतो

मग लोक करंट वाढवतात. नको. आपण स्वतः हात हलवतो तेव्हा स्नायूचे तंतू आळीपाळीनं काम करतात. मशीन मात्र त्याच त्याच तंतूंना एकदम कामाला लावतं, म्हणून ते लवकर दमतात. करंट 10 सेकंद चालू असेल तर विश्रांती 20 किंवा 30 सेकंदांची ठेवा. वारंवारता (सेकंदाला करंटचे किती ठोके) 50 हर्ट्झवर असेल तर 30 ते 35 वर आणा. सलग अर्ध्या तासाऐवजी दिवसातून दोनदा पंधरा मिनिटंही चालतात.

करंट कितीही वाढवला तरी नुसती गुदगुल्यांसारखी झिणझिण? मशीनवरचं नाव वाचा. दुखणं कमी करायचं टेन्स मशीन आणि स्नायू हलवणारं मशीन दिसायला सारखीच असतात.

त्वचेचं सांगते. तेल, क्रीम पुसून साबणानं हात धुवा. केस कात्रीनं कापा, वस्तरा नको. जेल सुकलेला किंवा कडा उचललेला पॅड सरळ टाकून द्या, कारण करंट उरलेल्या तुकड्यातून जातो आणि तिथेच भाजतं. हाताला स्पर्श कळत नसेल तर रुग्ण "काही होत नाही" म्हणेल, त्यावर विसंबू नका. पॅड काढल्यावर स्वतः बघा. एकसारखी गुलाबी छटा थोड्या वेळात जाते. लाल ठिपके, फोड दिसले तर बंद.

पेसमेकर किंवा हृदयात बसवलेलं डिफिब्रिलेटर (ठोके बिघडले तर झटका देणारं यंत्र), त्या हाताच्या शिरेत गुठळी, त्या जागी कर्करोग, गरोदरपण, आटोक्यात नसलेल्या फिट्स, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला पॅड कधीच नाही.

योग्य जागा एकदा सापडली की पॅडभोवती पेनानं रेघ मारा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आंघोळीनं रेघ जाते, फोटो राहतो.