जुनी वही कोण बंद करणार? डिजिटल प्रॉडक्ट राबवताना या चुका टाळा

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दूध संघासाठी आम्ही संकलनाचं ॲप केलं होतं. पहिल्या महिन्यात मुख्य कार्यालयातल्या स्क्रीनवर जवळजवळ सगळी केंद्रं हिरवी. संचालकांनी पेढे वाटले. मग आमच्या टीममधल्या एका मुलीने नोंदींच्या वेळा उघडून पाहिल्या. एका केंद्रावर सकाळच्या दुधाच्या १४२ नोंदी, आणि सगळ्या दुपारी २ ते पावणेतीनच्या मधल्या. तोवर ते दूध टँकरमधून डेअरीत जाऊन थंडही झालं होतं. केंद्राचे सचिव पहाटे नेहमीसारखं वहीत लिहीत आणि जेवण झाल्यावर वहीतले आकडे ॲपमध्ये भरत. आम्ही त्यांचं काम दुप्पट करून ठेवलं होतं आणि त्याला ‘डिजिटल परिवर्तन’ म्हणत होतो.

प्रॉडक्ट करणाऱ्या टीमचं आणि ते ज्या संस्थेत उतरतं तिचं नेतृत्व ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. यातल्या बऱ्याच चुका माझ्या स्वतःच्या आहेत.

वही बंद करायचा अधिकार कुणाकडे, हे न विचारणं

सचिवांना विचारलं, “वही कशाला ठेवताय?” ते म्हणाले, “साहेब, ऑडिटला वहीच लागते. आणि बिलाला तक्रार आली तर हिशेब खात्याचा माणूस वही घेऊन ये म्हणतो. तुमचं ॲप घेऊन ये असं अजून कुणी म्हटलं नाही.”

झालं. आम्ही सहा महिने बटणांचे रंग ठरवत होतो आणि गाठ तिसऱ्याच टेबलावर होती. हिशेब खातं आमच्या एकाही मीटिंगला नव्हतं. बोलावलंच नव्हतं, कारण ते ‘युजर’ नव्हते. जोवर दूध उत्पादकांचं दहा दिवसांचं बिल वहीवरून निघतं तोवर ॲप ही दुसरी वही, आणि दुसरी वही माणूस सवडीने लिहितो.

त्यामुळे आता कुठल्याही कामाच्या पहिल्याच आठवड्यात मी एक यादी करतो: आज कोणते कागद, रजिस्टरं, एक्सेल चालू आहेत, प्रत्येक कोण मागतं, आणि ते बंद करायला कुणाची सही लागेल. ज्या कागदापुढे सही करणाऱ्याचं नाव लिहिता येत नाही, तो कागद कधी बंद होत नाही. ॲप कितीही देखणं असो.

दूध संघात शेवटी असं केलं. तीन केंद्रं निवडली. तीन बिलं, म्हणजे महिनाभर, वही आणि ॲप मुद्दाम शेजारी ठेवून रुपयाला रुपया ताळा केला. फरक निघाला तिथे चूक कुणाची ते शोधलं (दोनदा वहीची होती, एकदा आमची). मग कार्यकारी संचालकांच्या सहीने पत्रक निघालं की, १ तारखेपासून बिल ॲपच्या नोंदीवरूनच निघेल आणि ऑडिटला सही-शिक्क्याचा प्रिंट चालेल. ज्या दिवशी पत्रक लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिली नोंद सकाळी ५ वाजून ५० मिनिटांनी पडली.

केबिनमध्ये बसून पहाटेचं काम ठरवणं

पहिल्या आवृत्तीत प्रत्येक नोंदीला उत्पादकाच्या मोबाइलवर ओटीपी जायचा. सुरक्षिततेसाठी, असं मीटिंगमध्ये ठरलं होतं, आणि मीटिंगमध्ये ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. केंद्रावर पहाटे किटली घेऊन कोण येतं? सून येते, शाळेत जाणारा नातू येतो. फोन घरी, चार्जिंगला. पाठीमागे रांग रस्त्यापर्यंत.

पुढे बघा. दूध तपासणाऱ्या टेस्टरचे हात दुधाने ओले, आणि ओल्या बोटाला टचस्क्रीन दाद देत नाही. सचिवांना दीडशे सभासदांचे नंबर तोंडपाठ, आणि आमचं ॲप म्हणतंय नावाची पहिली तीन अक्षरं टाइप करा. एका गावात निम्म्या सभासदांची पहिली तीन अक्षरं ‘पाटील’.

हे सगळं एका पहाटेत कळलं असतं. आम्ही गेलो होतो, पण साडेदहाला, जेव्हा केंद्र धुऊन झालेलं असतं आणि चहा मिळतो. नंतर नंबर टाकायला साधा बटणांचा कीपॅड दिला, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) यंत्रावरून थेट घेतलं, ओटीपी काढून टाकला. टीममध्ये नियम केला की, ज्याने ती पहाट पाहिलेली नाही त्याने स्क्रीन डिझाइन करायची नाही.

विरोधाला अडाणीपणा समजणं

‘लोक बदलायला तयार नाहीत’ हे वाक्य ऐकलं की मी विचारतो, या बदलात त्यांचं जातंय काय? बहुतेक वेळा काहीतरी खरंच जात असतं.

गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरून ठरतो आणि त्याखाली उतरलं की पॉइंटमागे कापला जातो. ३.४ आणि ३.५ मध्ये पैसे आहेत. आजवर या दशांशात सचिवांचा शब्द होता. कुणाला अडचणीच्या दिवसांत पॉइंट वर, कुणाशी वाकडं असेल तर पॉइंट खाली. यंत्रावरचा आकडा थेट पावतीवर छापला गेला आणि तो शब्द संपला. उत्पादकांच्या दृष्टीने हे चांगलंच झालं, पण सचिवांना ‘ट्रेनिंग’ देऊन हे दुखणं बरं होणार नव्हतं.

सुपरवायझरचं प्रकरण याहून नाजूक. केंद्राकेंद्रावर फिरून आकडे गोळा करायचे आणि एक्सेल करायचं, हीच त्याची नोकरी. ॲप आलं तर त्याने करायचं काय, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. साहजिकच ‘रेंज नाही’, ‘प्रिंटर चालत नाही’ या तक्रारी त्याच्याच भागातून जास्त. पुढे टेस्टिंग यंत्रांची तपासणी आणि उत्पादकांच्या तक्रारी त्याच्याकडे दिल्या. रेंज आपोआप आली! कुणाचं काम जाणार असेल तर ते त्याला आधी, तोंडावर सांगावं, आणि पुढचं काय तेही. अफवेतून कळलं की माणूस हातचा गेला.

आपल्याकडची ई-पीक पाहणी या नजरेने बघण्यासारखी आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या ॲपने वरवर पाहता पिकाची नोंद मोबाइलवर आणली. खरा बदल तो नव्हे. गाव नमुना १२ ची, म्हणजे सातबाऱ्यातल्या पिकांची, नोंद तलाठ्याच्या हातून निघून शेतकऱ्याच्या हातात गेली, बांधावर उभं राहून फोटो काढण्यासकट. नोंद कुणी करायची हेच जिथे बदलतं, तिथे ॲप हा सगळ्यात सोपा भाग असतो.

एका रात्रीत सगळं फिरवणं

ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारी आपले सगळे ग्राहक जुन्या प्रणालीवरून नव्या प्रणालीवर नेले. सुमारे १९ लाख ग्राहकांना खातं उघडेना. कामकाज पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला आणि पुढच्या वर्षी माजी माहिती-तंत्रज्ञान प्रमुखांना वैयक्तिक दंड झाला. डेटा सेंटर दोन होती आणि भार पेलतो का याची चाचणी त्यातल्या एकाचीच झाली होती. ठरलेली तारीख गाठायची तर चाचणी कापायची, हा मोह आपल्या ‘मार्चएंड’लाही चांगलाच ओळखीचा आहे.

आधी तीन केंद्रं, मग तीस, मग सगळी. कंटाळवाणं वाटतं. वाटू दे. आणि सणाच्या किंवा बोनसच्या बिलाच्या तोंडावर काहीही नवीन चालू करू नका.

धनी नसलेलं प्रॉडक्ट

अमेरिकेतली आरोग्य विम्याची सरकारी वेबसाइट १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाली. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली सहा जणांची. कंत्राटदार डझनांनी होते, पण ‘हे सगळं मिळून चालतंय का’ याची जबाबदारी असलेला एक माणूस नव्हता. आपल्याकडे याचं रूप म्हणजे समिती. समितीत आयटी, हिशेब, मार्केटिंग, सगळे. निर्णय पुढच्या बैठकीत.

एक नाव ठरवा. त्याला ‘नाही’ म्हणायचा अधिकार द्या, विशेषतः संचालकांच्या पुतण्याने सुचवलेल्या फीचरला.

बारीकसारीक

डाउनलोड मोजू नका, किती बिलं वही न उघडता निघाली ते मोजा. हॉलमधलं जेवणासह एक दिवसाचं प्रशिक्षण दुसऱ्या दिवशी विसरतात. केंद्रावर दोन पहाटा शेजारी उभं राहिलेलं विसरत नाहीत. मदतीसाठी दिलेला नंबर पहाटे ५ ला उचलला जातो का, स्वतः फोन करून बघा.

गाडी आधीच रुतली असेल तर

त्या अमेरिकन वेबसाइटची दुरुस्ती करायला आलेल्या टीमने रोजच्या बैठकीला तीन नियम लावले होते: बैठक प्रश्न सोडवायला आहे, दोष देण्याला नाही; बोलायचं ते ज्याला माहीत आहे त्याने, ज्याचं पद मोठं त्याने नव्हे; आणि पुढच्या एक-दोन दिवसांत जे पेटणार आहे तेवढंच बघायचं. दुसरा नियम आपल्याकडे सगळ्यात अवघड. आम्ही तो पाळायला एका केंद्राच्या टेस्टरला बैठकीत बसवलं. पहिल्या दोन बैठकांना तो काही बोलला नाही, साहेबांच्या तोंडाकडे बघत राहिला. तिसऱ्या बैठकीला साहेब नव्हते, तेव्हा पाऊण तास बोलला.

त्याच्याच बोलण्यातून आणखी एक गोष्ट निघाली. पत्रक लागल्यानंतरही सचिवांच्या खणात वही होतीच. उत्पादकांना दिलेली उचल त्यात लिहिली जात होती: पेंडीला, दवाखान्याला, मुलीच्या फीला, आणि बिलातून ती हळूहळू कापून घेतली जायची. आमच्या ॲपमध्ये उचलीला जागाच नव्हती. कुणी विचारलं नव्हतं, आणि सचिवांनी आपणहून सांगितलं नव्हतं. ते काम आता सुरू आहे. सध्या ती वही तिथेच आहे.