फिजिओथेरपीला नवीन आहात? तरफा पाठ करू नका

टेकू, भार, बल हे शाळेतच होऊन गेलंय, ते पुन्हा गिरवत नाही. मान पहिल्या प्रकारची (टेकू मध्ये), टाच उचलणं दुसऱ्या (भार मध्ये), बायसेप्स म्हणजे दंडाचा पुढचा स्नायू तिसऱ्या (बल मध्ये), हा तक्ताही सगळ्यांना पाठ असतो. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, तेवढ्यावर निभत नाही. कोपर एकच, पण बायसेप्सने वाकवलं तर तिसरा प्रकार आणि दंडामागच्या ट्रायसेप्सने डोक्यावर वजन ढकललं तर पहिला. नुसती 'कोपराची तरफ' विचारली, तर आधी स्नायू कोणता ते विचारा. परीक्षक चिडत नाहीत, उलट खूश होतात.

खरी गोची भुजेत आहे. मीही तिथेच अडकले होते. टेकूपासून स्नायू जिथे चिकटतो तिथपर्यंत हाडावर मोजलेलं अंतर म्हणजे भुजा नव्हे. टेकूपासून स्नायूच्या ओढीच्या रेषेवर टाकलेला लंब म्हणजे भुजा. कोपर काटकोनात, दंड शरीरालगत, हातातलं 5 किलोचं डंबेल कोपरापासून 35 सेंमीवर, बायसेप्सची भुजा साधारण 4 सेंमी. 5 × 35 ÷ 4, म्हणजे जवळपास 44 किलोची ओढ, तीही फोरआर्मचं वजन न धरता! आता हात खाली सोडा. हाडावरची अंतरं तीच, पण लंब दोन्ही आखडतात, भाराचा तर जवळजवळ शून्य होतो. प्रत्येक कोनाला हे स्वतः काढून बघा. रील बघून हे डोक्यात शिरत नाही, आणि सिनियरच्या नोट्समध्ये नेमके बाणच चुकलेले असतात, हे माझं ठाम मत.

ओपीडीत गेलात की याचं चीज होतं. उजवा खुबा दुखणारे आजोबा काठी हमखास उजव्याच हातात धरून येतात. उजव्या पायावर भार आला की खुबा टेकू. बाकी शरीराचं वजन आतल्या बाजूला साधारण 10 सेंमीवर, ग्लुटिअस मिडियस हा खुब्याच्या बाजूचा स्नायू बाहेरून 5 सेंमीवर. म्हणजे स्नायूला त्या वजनाच्या दुप्पट ओढावं लागतं आणि सांध्यावर तिप्पट दाब येतो. काठी डाव्या हातात दिली की तिची भुजा लांब पडते, थोडं टेकलं तरी स्नायूचं बरंच काम वाचतं.

एक राहिलंच. डंबेल सावकाश खाली आणताना काही पुस्तकं गुरुत्वाकर्षणालाच बल धरतात, मग बायसेप्सची ओढ भार ठरते आणि तोच बायसेप्स दुसऱ्या प्रकारात जातो. घाबरू नका, तुमचे सर कोणतं पुस्तक धरतात ते आधी विचारून घ्या.