कोको पावडर खायची कशी, म्हणजे पोट बिघडणार नाही

मागच्या मे महिन्यात, जळगावचं ऊन तुम्हाला माहितीच आहे, मी कुठंतरी ऐकलं की कोकोत फायबर लय असतं आणि लगेच तीन मोठे चमचे ताकात घुसळून पिऊन टाकले, पाणी मात्र रोजच्याइतकंच. दोन दिवस पोट दगडासारखं. आई म्हणे, बरं झालं, अजून कर प्रयोग.

तर आधी डबा बघून घ्या भो. ड्रिंकिंग चॉकलेट नको. मागं घटकांची यादी असते, त्यात जे सगळ्यात जास्त ते पहिलं लिहितात, तिथं साखर दिसली की डबा परत ठेवायचा. पाहिजे ती साधी कडू कोको पावडर. अल्कली (आंबटपणा मारणारा क्षार) मारलेली काळपट पावडरही मिळते, चवीला सौम्य, पण तिच्यात फ्लॅव्हनॉल, म्हणजे कोकोतली अँटिऑक्सिडंट द्रव्यं, कमी उरतात.

आता हिशोब. १०० ग्रॅम साध्या पावडरीत ३० ग्रॅमच्या वर फायबर, ऐकायला भारी, पण १०० ग्रॅम खातो कोण? मोठा सपाट चमचा म्हणजे ५ ग्रॅम, त्यात दीड-पावणेदोन ग्रॅम फायबर. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम लागतं. म्हणजे कळण्याची भाकर, मठाची उसळ, पेरू हे चालूच ठेवायचं, कोको वरून.

यातलं बरंचसं फायबर न विरघळणारं, आपण चोथा म्हणतो ते. ते पाणी धरून ठेवतं, शौचाला आकार देतं आणि पुढं ढकलतं, पण पाणीच नसलं तर तिथंच अडून बसतं, माझं तेच झालं होतं. कोलेस्ट्रॉल कमी करायचं काम विरघळणाऱ्या फायबरचं: ते आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतं, मग लिव्हरला नवं पित्त बनवायला रक्तातलं कोलेस्ट्रॉल ओढावं लागतं, आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल, थोडं उतरतं. कोकोत हे कमी, ओट्समध्ये आणि डाळींत जास्त. त्यामुळे कोको चालू केला म्हणून डॉक्टरची गोळी बंद करू नका, आणि शेवभाजीची तर्री वाटीभर वरून ओतून घ्यायची सवयही तशीच ठेवून चालणार नाही.

पहिला आठवडा अर्धा छोटा चमचा, गॅस नाही झाला तर एक, मग हळूहळू मोठा एक, बस. माझी पद्धत सांगतो: कपात पावडर टाकायची, दोन चमचे कोमट पाणी घालून पेस्ट करायची (थेट दुधात टाकली की गोळ्या तरंगतात, कितीही हलवा), मग दूध आणि एक पिकलेलं केळं, सालीवर काळे ठिपके आलेलं, ते कुस्करून. साखर लागतच नाही. वरून ग्लासभर पाणी प्यायचंच. रात्री नको, थोडं कॅफिन असतं.

मुतखडा झालेल्यांनी आधी डॉक्टरला विचारा, कोकोत ऑक्झलेट (बऱ्याच खड्यांत असतं ते) बरंच असतं. छातीत जळजळ होत असेल तर ती वाढू शकते. लोहाच्या गोळीसोबत घेऊ नका, लोह नीट लागत नाही, दोन तासांचं अंतर ठेवा.

आणि घरी कुत्रं असलं तर डबा वरच्या फळीवर. कोकोतलं थिओब्रोमिन त्याला विष आहे, आणि आमचा मोत्या तर झाकण उघडायचा आवाज झाला की ओट्यापाशी हजर.